आप्पांची बोटं, माझं यंत्र

३० जून, सोमवार

आलं! नोंदणी, सह्या, शिक्के — चार महिने हेलपाटे घातले आणि आज एकदाचं दवाखान्यात आलं. टीव्हीच्या रिमोटएवढं सोनोग्राफीचं यंत्र! फोनला जोडायचं, जेली लावायची, अंगावर टेकवायचं — आतलं सगळं पडद्यावर. मात्र दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, असा कडक नियम.

पहिला मान मनुबाईंच्या पोटाला. बावीस वर्षं या दवाखान्यात नर्स आहेत, पण जेली लागताच किंचाळल्या — "अगं आई गं, बर्फ हाय का काय!" यकृत सापडलं. मूत्रपिंडं सापडली. पित्ताशय काही सापडेना. बाई घाबरल्या, "मला न्हाईच का काय ते?"

आप्पा दारातून बघत होते. चव्वेचाळीस वर्षं याच खोलीत त्यांनी पेशंट तपासलेत. अख्खं सदलगा गाव त्यांना ओळखतं. म्हणाले, "खेळणं बरं हाय." आणि जिना चढून वर घरात गेले. सातव्या पायरीवर थांबले. मी मोजते हे त्यांना माहीत नाही.

२ जुलै, बुधवार

बाळाबाई सुनेचा खोकला दाखवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरगा का पोरगी, तेवढं बघा की." मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. आप्पा आतून ओरडले, "ते बघितलं तर बाप-लेक दोघंबी जेलात!"

४ जुलै, शुक्रवार

आज सरळच बोलले. "आप्पा, पाय सुजलेत तुमचे. दम लागतोय. हृदय बघू दे, झोपा टेबलावर."

"वय झालं गं. त्र्याहत्तर."

"मग निपाणीला चला, मोठ्या डॉक्टरकडं."

"मी आजारी न्हाय!"

तासभर भांडलो. शेवटी पैज लागली. म्हणजे पैज नाही — पैज म्हणजे जुगार, तो आपल्या धर्मात वर्ज्य, हे ऐकवलं मला. तर 'ठराव' झाला. छातीत किंवा पोटात पाणी झाल्याचा संशय असलेला पेशंट आला की आधी आप्पांनी बोटांनी ठोकून सांगायचं आणि पाणी जिथं सुरू होतं तिथं निळ्या पेन्सिलीनं कातडीवर रेघ मारायची. मग मी यंत्र लावायचं. ते एकदा जरी चुकले तरी टेबलावर झोपणार. बरोबर निघाले तर मी आठवडाभर त्यांच्या दमाचं नाव काढायचं नाही.

जिंकणार मीच!

७ जुलै, सोमवार

हरले.

शामू आला होता. महिनाभर ताप, खोकला. आप्पांनी त्याच्या पाठीवर डावा पंजा ठेवला, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टकटक. डोळे मिटलेले. "हितंपातूर पोकळ... हितनं खाली भरीव. पाणी हाय." रेघ मारली. मी यंत्र टेकवलं — काळंभोर पाणी, बरोबर रेघेपासून! आणि तेवढ्यात माझा फोन बंद पडला.

"बोटास्नी चार्जिंग लागत न्हाय गं, ब्राह्मी."

शामूसुद्धा हसला. मग लई खोकला बिचारा. थुंकी तपासायला पाठवलीय.

९ जुलै, बुधवार

चातुर्मास सुरू. आणि नवल — आप्पांनी मीठ सोडलं! चार महिन्यांसाठी. जैन बस्तीत जाऊन, देवापुढे हात जोडून नियम घेतला. लोणच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नाही, ते! आई हरखून गेलीय. "उशिरा का होईना, धर्म आठवला," म्हणते आणि स्वतः पुढ्यात बसून अळणी वरण-भात वाढते. मी आणि मनुबाई पैज — चुकले, ठराव — करतोय, की आठ दिवसांत मोडणार.

१४ जुलै, सोमवार

पुन्हा हरले! आज पोट होतं. रेघेत केसाचा फरक नाही. असा राग येतो, आणि असा अभिमान वाटतो!

मीठ अजून मोडलेलं नाही. हल्ली आरामखुर्चीतच झोपतात. गादी टोचते म्हणे. बोलायची बंदी आहे म्हणून इथं लिहिते — मला भीती वाटते.

२१ जुलै, सोमवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

भरमा आला होता. आप्पांनी दोन्ही बाजू ठोकल्या. डावीकडे बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग म्हणाले, "उजवीकडं." रेघही उजवीकडे. यंत्र लावलं — उजवीकडे थेंब नाही. डावीकडे तळाला पाणीच पाणी! मी टुणकन उडीच मारली. मनुबाईंनी टाळ्या वाजवल्या. भरमाला कळेना, आपण आजारी आहोत की पहिले आलोय.

"हरलो बाबा," आप्पा म्हणाले. "उद्या सकाळी झोपतो टेबलावर." वर जाताना तिसऱ्याच पायरीवर थांबले.

आता लिहिताना आठवतंय. डावीकडचा तो भरीव आवाज मला टेबलाच्या पलीकडूनही कळला होता. तो ओळखायला त्यांनीच तर शिकवलंय.

२२ जुलै, मंगळवार

आप्पांनी सदरा काढला. छातीवर निळी रेघ होती. स्वतःच ठोकून, स्वतःच मारलेली — हृदयाची डावी कड, असायला हवी तिथून दोन बोटं काखेकडे सरकलेली. मी यंत्र टेकवलं. मोठं झालेलं, दमलेलं हृदय. कड बरोबर रेघेवर.

निपाणीला फोन केलाय. अकराला निघतोय. "मिठाचं खरं कारण तुझ्या आईला सांगू नको," म्हणाले.

"रेघ बरोबर हाय, आप्पा."

"ठावं हाय गं. म्हणून तर हरलो."