९९४००८९१चे अवयव

प्रिय धाकट्या,

चिडून लिहितेय, त्यामुळे अक्षराकडे बघू नकोस. फोन केला असता, पण फोन बाबांच्या खोलीत आहे, आणि फोनवर आपण दोघं भांडतोच.

तुझ्या सायकलच्या दुकानाचं कार्ड आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. ना चौकशी, ना खुशाली, नुसता नंबर: ९९४००८९१. आपल्या घरची रीत तुला माहीतच आहे. नवा आकडा घरात आला, मग तो विजेच्या मीटरचा असो की बसच्या तिकिटाचा, आधी त्याचे अवयव पाडायचे, मगच तो वापरायचा. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाचं घर! तेव्हा बाबांनी जाहीर केलं की अवयव पडल्याशिवाय फोन नाही. तीननं भाग, सातनं भाग, अकरानं भाग, सगळं हातानं. मी कॅल्क्युलेटर पुढे केला, तर तो त्यांनी माझ्यादेखत कपाटात टाकला.

आणि डोळे? मोतीबिंदू इतका वाढलाय की तीन आणि आठ सारखेच दिसतात. आता उशीर केला तर नजर जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यावर यांचं उत्तर काय, तर हा आकडा संपला की येतो. मी कपाळावर हात मारून घेतला.

खरं तर मला उत्तर पहिल्याच दिवशी भाजी चिरताना दिसलं होतं. नऊ मिळवले की नऊ हजार नऊशे सत्तरचा वर्ग होतो. म्हणजे त्यातून तीन वजा आणि त्यात तीन अधिक: ९९६७ आणि ९९७३. दोन्ही मूळ संख्या, आणि किती जवळजवळ! भागत बसण्याआधी एखादा छोटा वर्ग मिळवून बघा, हे आपल्याला बाबांनीच शिकवलं. तू तो नंबर मुद्दाम मागून घेतलास, हे न कळायला मी दूधखुळी नाही. पण त्यांचं त्यांना सापडू दे म्हणून गप्प बसले.

काल बाबा ९९४९पर्यंत पोचले. पुढचा भाजक ९९६७. तिथे पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, मध्ये कुठेतरी हातचा चुकलाय, पुन्हा तीनपासून सुरू करतो. मग मात्र माझा तोल गेला. नऊ मिळवा, नऊ, म्हणून ओरडले.

ते शांतपणे म्हणाले की ते तर कार्ड आलं त्याच दिवशी दिसलं होतं. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, उत्तर लिहिलं की फोन करावा लागेल. तू गणित सोडलंस तेव्हा ते तुला जे बोलले, त्यानंतर त्यांचा आवाज ऐकून तू फोन ठेवून दिलास तर?

आज सकाळी ते पुन्हा तीननं भागायला बसलेत, कागद नाकाशी धरून. तेव्हा आता तूच फोन कर. घरचा नंबर बदललेला नाही, आणि त्याचे अवयव तुला लहानपणापासून पाठ आहेत.

तुझीच, अजून न निवळलेली,
ताई