होळीपर्यंत गाळ मिळणार नाही

सावदा, २ जानेवारी

ती. सुगंधाआत्यास,
भूमिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती हं हं करते म्हणतेस, म्हणून कागदावर लिहिते. वेफर्सच्या कारखान्यातली सांडपाण्याची टाकी मी सांभाळते, पण पाणी साफ करतात ते तिच्या गाळातले जिवाणू. दिवाळीपर्यंत छान चाललं होतं. आता पहाटे पारा आठवर उतरतो आणि पाण्यातला अमोनिया वाढतच चालला आहे. हवा वाढवली, शेणाचं पाणी घातलं, फरक नाही. पाच फेब्रुवारीला तपासणी आहे. नापास झालो तर कारखान्याला कुलूप आणि केळी चिरणाऱ्या चाळीस बाया घरी. दुवा देतात ते शेजारच्या मळ्यातले एकटे झुलालभाऊ; उन्हाळ्यासारखाच रोज टँकरभर गाळ खत म्हणून आपल्या केळीला नेतात.

माया असू दे.
तुझी भूमिका

धुळे, ६ जानेवारी

चि. भूमिकास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर पाहून आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शंभरदा गिरवून घेतलं असतं. मला जिवाणूंतलं कळत नाही, विरजणातलं कळतं. थंडीत दही लवकर लागत नाही, म्हणून या दिवसांत मी शेजारच्या लताबाईंनाही विरजण देत नाही. त्या रुसतात, मग तिळाची वडी देते. तू मात्र ऐन थंडीत रोज टँकरभर विरजण वाटते आहेस, बाळा. वाढ हिवाळ्याची आणि वाटप उन्हाळ्याचं. तुझे आजोबाही असेच, अंगातला स्वेटर काढून द्यायचे आणि आठवडाभर शिंकायचे. गाळ टाकीतच राहू दे.

माझा अर्धा जीव तिकडे आहे, सांभाळ.
आत्या

सावदा, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी गाळ देणं बंद केलं. झुलालभाऊंनी अबोला धरला. माझी केळी उपाशी ठेवून ही पोर कोणाला पोसते, असं चिरणाऱ्या भिकुबाईंकरवी विचारलं. मी भाऊंनाच बोलावून रोज टाकीत थर्मामीटर बुडवायचं काम दिलं. दहा दिवस अमोनिया हलला नाही, मग थोडा थोडा उतरू लागला. काल अहवाल आला. आपण पास झालो. बायांनी वेफर्सचा पहिला घाणा मला खाऊ घातला.

दुपारी शेजारच्या गावचे पितांबरनाना ट्रॅक्टर घेऊन गाळ मागायला आले. मी तोंड उघडायच्या आत झुलालभाऊ आडवे आले. पानी आजून सोळा डिग्रीच शे, टाकीमातला बठ्ठा जीव थंडीमा काकडी ऱ्हायनात, होळीनंतर या, असं बजावून त्यांनी ट्रॅक्टर वळवायला लावला.

लोभात मात्र काटकसर नको.
तुझी भूमिका