काकांच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह

तीर्थरूप काका,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे; प्रत्यक्षात घातला तर गुडघे परत उभं राहू देत नाहीत.) आम्ही सगळे इथे सुखरूप. काकूंचा खोकला हटला असेल आणि तुम्ही अजूनही सकाळच्या फेरीत रस्त्यावर पचापचा थुंकणाऱ्यांची हजेरी घेत असाल, अशी आशा आहे. आरोग्य निरीक्षक निवृत्त होतो, त्याचा आवाज थोडाच निवृत्त होतो! तुम्ही नोकरीत असताना लावलेली ‘येथे थुंकू नये’ ही पाटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी अजून शाबूत आहे. पत्र जाड पेनाने आणि मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्याचा गैरसमज नसावा. दुकानात हाताशी तेवढंच पेन होतं.

तर मुद्द्याचं. शाळेच्या नाटकात आमच्या भिंगरीला काम मिळालं होतं. राजाच्या हाती तलवार द्यायची, लवून नमस्कार करायचा आणि निघून यायचं, एवढंच. पण ऐन वेळी दिवे मंद केले आणि पोरीने तलवार दिली ती बाजूच्या खांबाला. नमस्कारही खांबालाच, आणि तो इतका मनापासून की सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. घरी आल्यावर तिने मला विचारलं, की दिवे गेल्यावर बाकीच्यांना राजा कुठे आहे ते कसं कळतं? काका, माझं चष्म्याचं दुकान. भिंगरी अंधार पडला की धडपडते म्हणून मी एकामागून एक चष्मे तिच्या नाकावर चढवत होतो, आणि वर फ्रेमचा रंगही तिलाच निवडू देत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चष्मा बाजूला ठेवून म्हणाल्या, हे भिंगाचं काम नाही, डोळ्यातल्या पडद्याचं आहे, आणि बहुधा घराण्यातून आलेलं आहे. त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावर समुपदेशक बाईंकडे पाठवलं. घराण्यात कुणाला काय होतं ते विचारून पुढचं समजावून सांगणं, हेच त्यांचं काम.

खोली लहान, खुर्च्या मऊ, टेबलावर रुमालांचा खोका. (खोका बघूनच हिच्या डोळ्यांत पाणी आलं.) बाईंनी कोरा कागद घेतला आणि आपलं घराणं काढायला लागल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. (हे काकूंना सांगू नका.) त्यांनी विचारलं, रात्री न दिसणारं घरात कुणी आहे? मी ताठ बसून सांगितलं, छे, आमचं घराणं शिस्तीचं! दिवेलागणीनंतर आमच्याकडे कुणी उंबरठा ओलांडत नाही, काकांचा दंडक आहे. बाई लिहायच्या थांबल्या. मग धाकट्या आजोबांचं विचारलं. मी सांगितलं, त्यांनी एका रात्री एकट्याने दरोडेखोराशी झुंज दिली होती, कपाळावर खोक पडली, दरोडेखोर मात्र सापडला नाही. आत्याबद्दल सांगितलं, की स्वभावाने गर्विष्ठ, शेजारून गेलेल्या माणसाला ओळख दाखवत नसे. मी बोलत होतो आणि बाई शांतपणे एकेका आकृतीत पेन्सिल फिरवत होत्या; रात्री न दिसणाऱ्याची आकृती काळी करतात म्हणे. काका, आपल्या घरची शिस्त, शौर्य आणि ताठा त्या बाईंनी एका बैठकीत काळे करून टाकले! तुमच्या चौकोनात त्यांनी फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

पुढे हिची आणि माझी जुनी नाती विचारली. दोघांच्या आज्या सख्ख्या बहिणी हे ऐकून त्यांनी आमच्यामध्ये दुहेरी रेघ मारली, म्हणजे नात्यातलं लग्न. तुम्हीच म्हणाला होता ना, मुलगी माहितीतली हवी? इतकी माहितीतली निघाली की दोघांच्या रक्तात चूकसुद्धा एकच! म्हणजे असं, की प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तर दुसरीवर निभावतं, तसं आमचं दोघांचं निभावलं. भिंगरीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच आल्या. ही तिथे रडली, खोका कामी आला. बाई म्हणाल्या, यात दोष कुणाचाच नाही, ज्यांनी लग्न जमवलं त्यांचाही नाही. हे वाक्य तुमच्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

आता यावर उपाय निघाला आहे, जनुकाची चांगली प्रत डोळ्याच्या पडद्याखाली नेऊन सोडायची. नेण्याचं काम विषाणू करतो. (रागावू नका. जन्मभर तुम्ही जंतूंच्या मागे लागलात हे मी त्यांना सांगितलं. हा निरुपद्रवी करून घेतलेला आहे म्हणे, नुसती हमाली करतो.) गरुडाची नजर येत नाही, पण अंधुक उजेडात वाट सापडू लागते. मात्र पडद्यातल्या पेशी जिवंत आहेत तोवरच, आणि त्या हळूहळू मरतात. अडलंय ते इथे. भिंगरीच्या जनुकातला बदल आजवर कुठे नोंदलेलाच नाही. तोच गुन्हेगार की नुसता जवळ उभा होता, हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावणार नाहीत. घरातल्या आणखी एखाद्या, रात्री न दिसणाऱ्या माणसाच्या दोन्ही प्रतींत तोच बदल सापडला, तर पुरावा भक्कम होईल. धाकटे आजोबा गेले, आत्या गेली. बाईंनी तुम्हाला फोन केला तेव्हा ‘आमच्या घरात आंधळं कुणी नाही’ असं म्हणून तुम्ही तो आपटलात. त्यांना राग आला नाही. मला मात्र भीती वाटते, काका. रोज संध्याकाळी ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात येते तेव्हा फारच वाटते.

असो. तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाही. काकूंना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (एवढी एक बाब सोडून) पुतण्या

ता. क. सोबतच्या खोक्यात एक नळी आहे. रक्त नको, सुई नको; जनुक थुंकीतूनही तपासता येतात. आधी अर्धा तास काही खाऊपिऊ नका आणि मग नळीत रेघेपर्यंत थुंका. होय, थुंका. आयुष्यभर लोकांना जे करू दिलं नाहीत ते एकदा स्वतः करा. पाटी मी झाकून ठेवतो.

ता. क. दुसरा. तुम्हाला रात्री दिसत नाही हे कुणापाशीही कबूल करायची गरज नाही. थुंकलात की झालं. आणि दुकानात पेनं ढीगभर आहेत, जाड मुद्दामच घेतलं.

ता. क. तिसरा. भिंगरीने हे वाचून घेतलं आणि निरोप दिला आहे. ती म्हणते, आजोबांना सांगा, मला दिसायला लागलं की संध्याकाळी मी त्यांना बाहेर फिरायला नेईन. हात माझा धरायचा, आणि खांब आला की मी सांगेन.