पियानोवरच्या फुलांतला माइक

प्रिय रुचिता,

काल खालापूरच्या रिसॉर्टवर मॅनेजर म्हणाला, "रुचिता मॅडम माइकशिवाय गाणार," आणि त्या क्षणी सगळं बिघडलं. आठ वर्षं मुंबईला जाऊन ऑपेरा शिकलेली मुलगी, तिकडच्या ऑपेरासाठी तिची निवड करायला थेट जर्मनीहून आलेल्या बाई, आणि हे लोक साधा माइक देत नाहीत! माझं डोकंच फिरलं. तू कधीतरी माझ्या माइकवर गाशील म्हणून तर मी कॉलेज अर्धवट सोडून गजाकाकाच्या साउंडवर लागलो. निवेदनासाठी आमचे स्पीकर होतेच. पियानोवरच्या फुलांत मी गुपचूप माइक खोचला आणि आवाज फुल्ल केला.

तुझा वरचा सूर स्पीकरमधून असा फाटून बाहेर आला, की बाईंनी कान झाकले. आपलाच गळा दगा देऊन गेला असं समजून तू रडत निघून गेलीस.

आज गजाकाकाला सांगितलं. तो म्हणाला, "अरं येड्या, त्या गाण्यात माइक नसतोच! नुसत्या गळ्यावर हॉल भरायचा, हीच तिची परीक्षा. आन् तू तिचाच गळा दाबलास व्हय रं?"

बाई दुपारी परत जाणार. खरं सांगितलं तर त्या तुला पुन्हा ऐकतील आणि तू जर्मनीला जाशील. गप्प बसलो तर तू भिसेगावातच राहशील, तुझा रियाज ऐकून, शिटी झाली समजून शेजारच्या वनिताकाकू रोज कुकर बंद करायला धावतील, आणि मी समोरच्या टपरीवर चहा पीत बसेन. दोन तास मी गप्प बसायचंच ठरवत होतो. इतका मी नालायक.

पण तुझं ते रडणं डोक्यातून जात नाही. बाईंना गाठून खरं सांगायला गाडी काढतोय. हा कागद इथेच ठेवतो आणि दार ओढून निघतो.

तुझाच (हे तुला अजून माहीत नाही),
विपुल