पाच फूट आठ इंचांची सायकल

१० नोव्हेंबर, रविवार
आज पुन्हा अहिल्या सायकल क्लबच्या पुढच्या ग्रुपमध्ये आणि मी मागच्यात. मागच्या ग्रुपचं अधिकृत नाव 'आराम बॅच'. यात मी, दोन रिटायर्ड तहसीलदार आणि आम्हा सगळ्यांचा मिळून मधुमेह. 'तेज बॅच' वारासिवनीहून परत येते तेव्हा आमचे पोहे संपलेले नसतात.

उन्हाळ्यापर्यंत ती माझ्यासोबत चालवायची. घरात आम्ही नवरा-बायको गॅस, दूध आणि पाण्याची मोटर एवढंच बोलतो. बाकीचं बोलणं सायकलवर व्हायचं, शेजारी-शेजारी, समोर बघत. मग तिने रोड बाईक घेतली.

आता तिची प्रमोशनची ऑर्डर आली आहे. जबलपूरच्या कॉलेजात प्राचार्य. हो की नाही ते २५ तारखेपर्यंत कळवायचं. जाणार नाही. इथे घर आहे, तुळस आहे, मी आहे.

तरी संकल्प: सेकंड हँड रोड बाईक घेणे. तेज बॅचमध्ये जाणे. चालवता चालवता सहज म्हणणे, जाऊ नको. घरात म्हटलं तर गयावया दिसते. सायकलवर ते गप्पांत धरलं जातं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
यूट्यूबवर अभ्यास. फ्रेम कार्बनची असेल तर नाण्याने ठोकून बघायची, आवाज बद्द आला तर आत तडा. लग्नाआधी एवढी चौकशी ना त्यांनी केली, ना आम्ही.

अहिल्या समोर चहा ठेवून म्हणाली, तुमाले काय वाटते, जाऊ का मी? विचार करून सांगतो म्हटलं. व्हिडिओचा शेवट महत्त्वाचा होता.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
गोंदियाच्या टिकारामजींचा फोन. जुन्या सायकली विकतात. एका डॉक्टरची रोड बाईक आहे, फारशी न चाललेली (डॉक्टरही, सायकलही). पहिलाच प्रश्न, उंची किती? पाच फूट आठ. लग्नाच्या बायोडेटात तीच आहे, छापील आहे, आणि आजवर कुणी लेखी आक्षेप घेतलेला नाही. टिकारामजी म्हणाले, भाऊ, खरी सांगजा, नाई तं गोंदियाले येऊन बसून पाहा. माणसाला बोलायची पद्धत नाही. ऑफिसात ऑडिट आहे सांगून फोटोवरच पक्की केली.

तेज बॅचचा कॅप्टन वीरेंद्र म्हणाला, बिना बैठे कोई सायकल लेता है क्या, चिंतामणजी? मी म्हटलं, अहिल्यालाही फोटोवरूनच पसंत केलं होतं. त्याने विषयच बदलला. मुद्दा पटला असावा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
आली! निळी, देखणी. किंचित उंच वाटते. सीट पार खाली केली तरी पाय लोंबकळतात. सीटवरून उतरून दांडा दोन पायांत घेऊन उभं राहावं, तर दांडा जिथे लागतो त्याबद्दल रोजनिशीतही लिहू नये. तूर्त ओट्यावरून चढतो आणि गेटचा खांब धरून उतरतो. मधे कुठे थांबायचं हा प्रश्न उरतो. पण वेगवान सायकल कुणी थांबण्यासाठी घेत नाही.

अहिल्या आधी सायकलकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि किती दिवसांनी खळखळून हसली. म्हणाली, तीन इंच मी लग्नातच माफ केले, सायकल नाई करत जी. शुभ लक्षण. मग म्हणाली, रविवारी पुलावर थांबीन मी, बोलाचं हाये, सोमवारी कळवा लागते. मी म्हटलं, थांबायची गरजच पडणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
ओव्हरटेक! खुद्द तेज बॅचमधल्या माणसाला!

म्हणजे बॅच आधीच दिसेनाशी झाली होती, ते सोडा. वैनगंगेच्या पुलावर अहिल्या एकटी उभी होती. हेल्मेट काढलेलं, कठड्यावर थर्मास आणि दोन कप. मी वेग कमी केला. धरायला कठडाच होता, पण हाताला लागेल तेवढ्या भागाला ती, तिची सायकल आणि चहा टेकलेले, पुढे तो फुटपाथपलीकडे. थांबलो असतो तर पडलो असतो, तेही तिच्या पायाशी. म्हणून ऐटीत हात हलवला. ती ओरडली, अहो, थांबा ना! आलोच म्हटलं.

आधार शोधता शोधता वारासिवनी आली. तिथे उभ्या ट्रॅक्टरची ट्रॉली धरून उतरलो. परतलो तेव्हा पुलावर कुणी नव्हतं. थर्मास घरी ओट्यावर होता, दोघांच्या चहासकट.

आज गुडघे फार बोलत आहेत. मी उद्या बोलेन. सकाळी नक्की.

२५ नोव्हेंबर, सोमवार
उठायला उशीर झाला. ती कॉलेजात गेलेली.

दुपारी वीरेंद्रचा फोन. बधाई हो, मॅडम ने हाँ लिख दिया. पुढे म्हणाला, काल पुलावरून तिने सगळ्यांना पुढे पाठवलं होतं. हे नुसतं थांब म्हणाले ना, तर नाही कळवून टाकीन, असं हसत म्हणाली होती. मी म्हटलं, हो, माहीत आहे मला.

संध्याकाळी तिला सहज विचारलं, मग ठरलं का? ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, तुमी तं थांबलेच नाई.

सांगणार होतो की पाय पुरत नाहीत. पण मग पाच-आठचं काय? म्हटलं, ब्रेक जरा ढिले आहेत.

१ डिसेंबर, रविवार
सकाळच्या गाडीने अहिल्या जबलपूरला गेली. ती सामान घेऊन ऑटोत, मी मागे सायकलवर. स्टेशनवर तोच ऑटो धरून उतरलो. तिची सायकल पार्सलच्या डब्यात चढली. गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली, मोटर बंद करत जा म्हणाली. मी जाऊ नको म्हटलं. गाडी हलल्यावर म्हटलं. खिडकी काचेची होती, पण ओठांवरून कळलं असेल.

परत आलो. गेटचा खांब धरायला गेलो तर खाली दोन विटा दिसल्या, शेजारी-शेजारी, सिमेंटने पक्क्या बसवलेल्या. सिमेंट अजून ओलसर. सकाळी घाईत लक्ष गेलं नव्हतं. पाय अलगद टेकला. टेप आणून मोजलं. तीन इंच.

पुन्हा सायकलवर बसलो आणि विटेवर पाय टेकून थांबून पाहिलं. थांबता येतं. बराच वेळ थांबलो. वर टाकी भरून वाहत होती. मोटर बंद करायची राहिली होती.