सोळा वेळा येणारी ओळ

लिहून ठेवणार: इंद्रजित सखाराम मनवर, वय वर्षे चौसष्ट, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा (आता बंद), राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ.

हे मृत्युपत्र मी शुद्धीवर राहून, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही. तो कान आयुष्यभर भोंग्याच्या बाजूला होता, त्याबद्दल तक्रार नाही. सन २००७ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. मुलगा धम्मरत्न याला काहीही मिळू नये, असे मी त्यात लिहिले होते. ते चुकीचे होते. का, ते कलम चारमध्ये येईल.

१. राहते घर धम्मरत्न आणि मुलगी दीपा या दोघांचे, सारखे. बँकेत जे निघेल ते दीपाचे. ती घाटंजीहून एसटीने येऊन माझ्या दवाखान्याच्या चकरा मारते आणि एकदाही बोलून दाखवत नाही.

२. चारही भोंगे आणि अॅम्प्लिफायर खेमसिंग राठोड यांना द्यावेत. त्यांच्या ऑटोवर भोंगा बांधून आम्ही वीस वर्षे गावोगाव घोषणा फिरवल्या. उभ्या दांड्याचा माइक सत्यशीला मुनेश्वर यांना द्यावा. त्या आणि माझी दिवंगत पत्नी साधना याच माइकवर ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी सिनेमाची गाणी गात. दोघींच्या उंचीत फरक असल्यामुळे दांडा सतत वर-खाली करावा लागे. ते काम माझे होते.

३. लखीराम बँडवाले यांनी १९९८ साली एका लग्नातून माझी लांब वायर नेली. ती मागू नये. पण ती त्यांच्याकडेच आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

४. साधना २००३ साली गेली. तिच्या गाण्याची एकच कॅसेट होती, मीच कार्यक्रमात भरलेली. त्यावर चुकून दुसरे काही भरले जाऊ नये म्हणून मागची प्लास्टिकची खिट्टी मी तोडून टाकली होती. २००६ च्या लग्नसराईत धम्मरत्नने नवीन डीजे घेतला. त्याने ती कॅसेट माझ्याकडून नेली, तिच्या एका गाण्यातली एक ओळ कॉम्प्युटरवर उचलली आणि खाली धडधड ढोल टाकून रिमिक्स केले. अख्खे दिग्रस त्यावर नाचले. मी वरातीच्या कडेला उभा होतो. मला काही वाटले नाही. घरी आल्यावर मात्र तोंड सुटले.

तो म्हणाला, "बाबा, एकदा नीट आयकून तं पाहा. आईचाच आवाज हाये."

मी म्हणालो, "तुही माय तोतरी होती काय रे? एकच ओळ कायले घासून राह्यला? एकदा म्हटली तं पुरत नाही काय?"

त्याने कॅसेट माझ्या हातात दिली आणि तो घरातून गेला. मी ती रागाने घोषणांच्या डब्यात फेकली. साधनाची कॅसेट, घोषणांच्या डब्यात. हे मी केले, दुसऱ्या कोणी नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका जिनिंगचा मुनीम आला. कापसाची खरेदी बंद झाली होती आणि गाड्या रस्त्यात उभ्या राहू नयेत म्हणून गावोगाव सांगायचे होते. खेमसिंग दारातून ओरडले, "भाऊ, जल्दी करा नं, मुनीम वाट पाहून राह्यला." मी डब्यातून हाताला आली ती कॅसेट घेतली. खिट्टी तुटलेली होती. आमच्या धंद्यात त्याचे काही वाटत नाही. भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. मी पट्टी लावली. ऑटोत मागे-पुढे करण्याची कटकट नको म्हणून तीच घोषणा पुन्हा पुन्हा म्हणून दोन्ही बाजू काठोकाठ भरल्या.

आठ दिवसांनी साधनाची कॅसेट शोधताना ती पट्टी दिसली. मी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. "खरेदी पुढील सूचनेपर्यंत बंद राहील." माझाच आवाज. संपल्यावर मी मशीन बंद केले, जेवलो आणि झोपलो. रडू आले नाही. अजून आलेले नाही.

पुढच्या वर्षी मी धम्मरत्नला वगळणारे मृत्युपत्र केले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्या. मला त्याची लाज वाटते.

५. मागच्या महिन्यात धम्मरत्नने दीपाकडून निरोप पाठवला: "बाबाले सांग, ते रिमिक्स मी सगळीकडून पुसून टाकतो. मले फक्त आईची कॅसेट द्या." पहिल्याच साली त्याचा कॉम्प्युटर बिघडून बाकी सारे गेले, त्याच्याकडे ते रिमिक्स तेवढे उरले आहे. मी दीपाला म्हणालो, "त्याले म्हण, पुसू नको." तिला वाटले, बाबा निवळले. खरे कारण मला सांगता आले नाही, म्हणून ते येथे लिहिले.

ती कॅसेट माझ्या पेटीत आहे. ती धम्मरत्नला द्यावी. त्याने ती ऐकू नये. ऐकायचीच असेल तर दीपाला जवळ बसवून ऐकावी. रिमिक्सच्या प्रती काढून दीपा व सत्यशीलाबाई यांच्याकडे एकेक ठेवावी. कोणीही कशावरही काहीही भरू नये.

६. माझी अंत्ययात्रा निघण्याआधी त्रिशरण-पंचशील घ्यावे. त्यानंतर धम्मरत्नने अंगणात त्याचा डीजे लावून ते रिमिक्स पूर्ण वाजवावे. आवाज कमी करू नये. कोणाचे पाय हलले तर हलू द्यावेत. साधनाची ओळ त्यात सोळा वेळा येते. खेमसिंगच्या मोबाईलवर उजवा कान लावून मी मोजली आहे. एकदा म्हटली तर पुरत नाही काय, असे मी त्याला विचारले होते.

नाही पुरत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, बरोबर आहे.

सही: इं. स. मनवर

साक्षीदार:
१. खेमसिंग रामसिंग राठोड, ऑटोचालक, दिग्रस
२. सत्यशीला वामन मुनेश्वर, दिग्रस

ठिकाण: दिग्रस
दिनांक: ११ मार्च २०१२