भोंग्याचा आवाज

प्रिय ताई,

दोन मिनिटं बोललास तर काय जीभ झिजते का, असं तू परत विचारलंस. झिजते. मागच्या महिन्यात हेच विचारलं होतंस तेव्हा मी फोनवर नुसता अंगठा पाठवला, तर म्हणालीस, मोठा झालास, आता आम्हाला अंगठा दाखवतोस. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. अक्षर तूच गिरवून घेतलं होतंस, तेव्हा कोंबडीचे पाय दिसले तर निम्मा दोष तुझा.

तुला वाटतं मी इथे खोकी उचलतो. उचलतोच, पण पगार आहे तो बोलण्याचा. हे कधी नीट सांगितलं नाही, कारण सांगायला लागलो की तू हसतेस. आमचं गोदाम गोठवलेल्या मालाचं. आत शिरलं की नाकातले केस कडक होतात. टोपीखाली हेडफोन, तोंडापुढे माईक, आणि कानात एक बाई. खरी नव्हे, कॉम्प्युटरची. ती रांग सांगते, मी जातो, कप्प्यावर चिकटवलेला आकडा मोठ्याने वाचतो, म्हणजे मी बरोबर जागी आहे हे तिला कळतं. मग ती किती खोकी ते सांगते, मी उचलतो, आकडा बोलतो, 'झालं' म्हणतो, की लगेच पुढची रांग. कागद नको, पेन नको, दोन्ही हात मोकळे, म्हणून मालक तिच्यावर खूष. मीही होतो. शाळेतून पळालेल्याला आणखी काय पाहिजे? पण शिफ्ट संपेपर्यंत ती गप्प म्हणून बसत नाही. तुझी सासूसुद्धा मधे पाणी प्यायला थांबत असेल.

पहिल्या दिवशी एका खोलीत बसवून प्रत्येक शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतला, बाईला माझा आवाज ओळखता यावा म्हणून. मी आपला अप्पांच्या वर्कशॉपमध्ये ओरडायचो तसा ओरडलो. सुपरवायझर म्हणाला, बाबा, हळू, ती बहिरी नाहीये. तुला आठवतं ना, तिकडे ग्राइंडर चालू असायचा, गिऱ्हाईक आलं की मी दारातून बोंब ठोकायचो आणि पलीकडच्या गल्लीतले लोक वळून बघायचे. भोंगा हे नाव तिथलंच. अप्पा वेल्डिंगची काच वर करून म्हणायचे, नरड्यात पत्रा बसवलाय का रे, हाताने सांग की! त्यांचं सगळं हातावर. मूठ म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे दोन गज, तळवा हलवला की पुन्हा दाखव. मला यायचं ते, पण ओरडण्यात जी मजा ती हात हलवण्यात कुठली! आणि तुझं लग्न ठरल्यावर भाऊजींनी पहिल्यांदा दारात हाक मारली, तर आतून अप्पांनी मला समजून त्यांनाच काय झाडलं होतं! गाढवापासून सुरुवात करून पार मुळापर्यंत गेले. मग बाहेर येऊन बघतात तर होणारे जावई. दोघांचा आवाज एकाच साच्यातून काढलाय, त्याला मी काय करू, असं म्हणत राहिले बिचारे.

सुरुवातीला इथे माझं राज्य होतं. बाईला माझं बोलणं एका झटक्यात कळायचं. बाकीच्यांना ती दहादा 'पुन्हा सांगा' म्हणायची, मला कधीच नाही. जादा काम आलं की सुपरवायझर आधी माझ्याकडे यायचा. तुम्हाला पैसे वाढवून पाठवायला लागलो ते तेव्हापासून. मग थंडीने म्हण, ओरडून म्हण, घसा बसायला लागला. बाई मलाही 'पुन्हा सांगा' म्हणू लागली. तिने तसं म्हटलं की मी जास्त जोरात बोलायचो, आणि जोरात बोललो की घसा आणखी बसायचा. काम मागे पडायला लागलं. तेव्हापासून मी आवाज राखून वापरायला लागलो, ताई. खोलीवर गप्प, जेवताना गप्प. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर म्हणाला, याला शिंगं फुटली. आणि घरी फोन करणं बंद केलं. दिवसाला जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा त्या बाईला द्यावा लागत होता. तुम्हाला दिला असता तर पाठवलं काय असतं?

एक दिवस बाईने मला ओळखायचंच नाकारलं. सुपरवायझर म्हणाला, नव्याने शिकवू या तिला, जुना आवाज पुसून हा घोगरा भरू. माणूस वाईट नाही तो. मी म्हटलं, पुसायच्या आधी जुना एकदा माझ्या फोनमध्ये घालून द्या, मला घरी ऐकवायचाय. नुसते आकडे असले तरी चालतील. अप्पांना काय, मी सात म्हटलं काय आणि आठ म्हटलं काय, आवाज माझा असला म्हणजे झालं. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. त्यात आवाज नव्हताच. अंगठ्याच्या ठशासारखं काहीतरी होतं. म्हणाला, यावरून ती तुला ओळखते, पण यातून तू बोलत नाहीस. आतबाहेर सगळं शोधून दाखवलं बिचाऱ्याने. मग पुसलं. मीच 'हो' म्हणालो, दुसरं काय म्हणणार?

तो घोगराही टिकला नाही. डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं. आवाजाच्या पडद्यांवर गाठी आहेत म्हणाला. आता अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजलं तर जास्त बिघडतं. पुढे कापावं लागेल. त्यानंतर आवाज येईल, पण पहिला येईल का, तर त्याने नुसते खांदे उडवले. आता मला हाताच्या कामावर टाकलंय. मनगटाला काळा पट्टा, तो हात कसा हलतो ते कॉम्प्युटरला सांगतो. बोटं दाखवली की तेवढी खोकी, मूठ आवळली की थांब, तळवा हलवला की पुन्हा सांग. लांबून बघितलं तर मी माशा हाकतोय असं वाटेल. बाकीच्यांना आठवडा लागला, मला एका दिवसात जमलं. सुपरवायझर विचारत होता, आधी कुठे शिकलास? अप्पांनी शिकवलेलं सगळं आत्ता हाताशी आलंय, आणि अप्पांना आता हात दिसत नाहीत. पट्ट्याचं काम हळू चालतं, म्हणून पगार कमी.

तू म्हणालीस, रविवारी कोणीतरी अप्पांना फोन करून गप्प बसलं, आणि तेव्हापासून ते जास्तच माझ्या नावाचा धोशा लावून बसलेत. तो मीच होतो गं. त्यांनी फोन उचलला आणि लगेच म्हणाले, भोंग्या, तू का? मी खाटेच्या लोखंडावर चमचा वाजवला, वर्कशॉपच्या दारावर पाना वाजवायचो तसा. पण हे फोन शहाणे झालेत, बोलण्याशिवायचा आवाज गाळून टाकतात. तिकडे काही पोचलं नाही. अप्पा म्हणाले, बोल की रे. बराच वेळ थांबले. मग कोणाला तरी, बहुतेक तुलाच, सांगत होते, हा आपला भोंग्या नव्हे, तो एवढा वेळ गप्प राहायचा नाही.

हे सगळं फोनवर लिहून पाठवलं असतं, पण तुझा फोन दिवसभर अप्पांच्या हातात, आणि आलेला निरोप तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. कागद तेवढा गप्प राहतो. तेव्हा ऐक, आणि नाही म्हणू नकोस. येत्या रविवारी भाऊजींना दुकानातून अप्पांना फोन करायला सांग. माझ्या नावाने. त्यांना म्हणावं, नमस्कार-बिमस्कार नको, एकदम 'अप्पा' म्हणून ओरडायचं. गोष्ट सांगायच्या आधीच हसायचं. अप्पांनी शिवी दिली की उलट उत्तर द्यायचं, जावयासारखं लाजायचं नाही, लाजले की अप्पा ओळखतील. किती रविवार ते मला विचारू नकोस, मला ठाऊक नाही. अप्पा नोटा चाचपून मोजतात, कमी आहेत हे त्यांना लगेच कळेल. का कमी, ते भाऊजींनीच माझ्या आवाजात सांगावं, सुचेल ते. या वेळी साडेचार हजार पाठवतोय.

तुझाच,
भोंगा